उमरग्याच्या पुढं गार हवा गेली

मे महिन्यात आमच्या हुलसूरकडं कुणी हौसेनं जात नाही. जायचंच तर दिवाळीनंतर जावं. तेव्हा ज्वारी कमरेएवढी झालेली असते, तुरी फुलोऱ्यात असतात, आणि ज्याच्या दारात जाल तो हुरड्याचं आमंत्रण दिल्याशिवाय सोडत नाही. मे महिन्यात काळी जमीन भेगाळून पडलेली असते आणि अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तरी गेल्या वैशाखात आम्ही गेलो, आणि आमच्या सुजाताला घेऊन गेलो. सुजाताला घाम येत नाही.

हे ऐकून लोक हसतात. "बरंय की, पावडरचा खर्च वाचला," असं आमच्या ऑफिसातला एक जण म्हणाला होता. त्याच्याशी मी नंतर सहा महिने बोललो नाही. जन्मापासून तिच्या कातडीत घामाची सोयच नाही. केस विरळ, दात मोजून चार, बुद्धी मात्र आम्हा दोघांना पुरून उरेल अशी. आपलं अंग तापलं की घाम सुटतो आणि अंग निवतं. तिचं तापलं की तापतच राहतं. तीन वर्षांची असताना एका उन्हाळ्यात पुण्यातच तिला झटका आला होता, डोळे फिरवले होते. तेव्हापासून मार्च ते जून ती कूलरच्या खोलीत असते. नऊ वर्षांची झाली तरी तिनं माझं गाव पाहिलं नव्हतं. थंडीत का नेलं नाही, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, थंडीतही दुपार असतेच की! भिणाऱ्या माणसाला कारणांची कधी कमी पडत नाही.

माझे वडील, अप्पा, गावात आपल्या शेताच्या कडेला विहार बांधत होते. छप्पन साली आमचा तालुका हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच साली आमची वस्ती बौद्ध झाली. अप्पा म्हणतात, राज्य आम्हाला न विचारता बदललं, धर्म आम्ही विचार करून बदलला. विहाराचं काम पुरं झाल्याचं त्यांचं पत्र आलं. बुद्धपौर्णिमेला उघडायचा, पहिली मेणबत्ती नातीच्या हातची, आणि ती आली नाही तर कुलूप लावून ठेवतो, असं शेवटी लिहिलं होतं. अप्पा नुसती धमकी देणाऱ्यांतले नाहीत. ते कुलूप विकत आणून ठेवणाऱ्यांतले आहेत.

मग माझ्या एका मित्राची गाडी मिळाली. तो आखातात होता आणि परत येताना जहाजातून भली मोठी विलायती गाडी घेऊन आला होता. आत एसी. सुजाताला बसवून पुण्यात एक फेरी मारली, तर ती म्हणाली, "पप्पा, मला शाल पाहिजे." त्या शालीसाठी मी मित्राचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

सोलापूर ते नळदुर्ग

पुण्याहून सोलापूरपर्यंतचं काही सांगण्यासारखं नाही. दुपार टाळून निघालो आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेला पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सोलापूर सोडायचं, ऊन चढायच्या आत गावात उतरायचं, असा बेत होता. रात्री का गेला नाहीत, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं. समोरच्या ट्रकच्या पलीकडचं मला काही दिसत नसे. उजवीकडं बसलेली शालिनी, माझी बायको, मान बाहेर काढून सांगायची, "थांबा... थांबा... येस्टी हाय... आता जावा." उदगीरची आहे ती. घाबरली की पुण्याची भाषा गळून पडते आणि उदगीर वर येतं. उजेडात हा कारभार कसाबसा जमत होता. रात्री दिव्यांच्या झोतात जमला नसता.

बेत कागदावर होता तोवर ठीक होता. नळदुर्गच्या अलीकडं मागचं चाक बसलं. डिकीतलं जादा चाक पाहिलं तर त्यात हवाच नाही. पंक्चरवाला दुकान उघडायला आठ वाजता आला. तो येईपर्यंत आम्ही एका हॉटेलात बसलो. गरम सुसला आला. पुण्यात चुरमुऱ्यांची भेळ होते, इथं चुरमुरे भिजवून फोडणीला घालतात, वर शेंगदाण्याचं कूट. सुजातानं दोन बशा संपवल्या. मी एक घास हातात धरून सूर्याकडं बघत होतो. शालिनी म्हणाली, खा की, सूर्य काय तुमच्या बघण्यानं थांबणार आहे का. नळदुर्ग सोडायला नऊ वाजून गेले.

उमरग्याच्या पुढं

उमरग्यापर्यंत गार हवा झकास येत होती. पुढं एका चढावर मधल्या जाळीतून येणारी हवा एकदम बंद झाली. काच थंड पडली. म्हणजे हवा वर, समोरच्या काचेवर जात होती. चढ संपला, हवा पुन्हा मधून आली. पुढच्या चढावर पुन्हा तेच. तिसऱ्या चढानंतर ती परत आली नाही, आणि वर जाणारी हवाही कोमट व्हायला लागली. मी बटणं दाबली, दांड्या सरकवल्या, शेवटी डॅशबोर्डवर बुक्की मारली. आपल्याकडं रेडिओ बुक्कीनं चालतो, तेव्हा हेही चालेल असं वाटलं असावं.

खिडक्या उघडल्या तर भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आत आली. बंद केल्या तर गाडीच भट्टी. सुजाता आधी सांगत होती, "पप्पा, ते बघा माकड," "पप्पा, ते काय?" मग तिनं विचारणं बंद केलं. मी आरशातून पाहिलं. गाल लालबुंद आणि कोरडे, ओठ सुकलेले, डोळे अर्धे मिटलेले. शालिनीनं तिच्या कपाळाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. बरोबरचा पाण्याचा कॅन तिच्या डोक्यावर ओतायला सुरुवात केली. तिसऱ्या वर्षीचे ते फिरलेले डोळे मला रस्त्यावर दिसायला लागले. ब्रेक कुठला आणि क्लच कुठला हेही क्षणभर सुचेना. त्या गाडीला क्लच नव्हताच.

कर्नाटकची हद्द ओलांडली. बसवकल्याणकडं वळणाऱ्या फाट्यावर ट्रक दुरुस्त करणारं एक गॅरेज दिसलं आणि मी गाडी सरळ त्याच्या छपराखाली घातली.

फाट्यावरचं गॅरेज

मिस्त्रीचं नाव खाजाभाई. साठीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली, कानावर पेन्सिल. मी उतरल्या उतरल्या त्यांना जाळी, काच, कोमट हवा, मित्र, आखात असं सगळं एका दमात सांगायला लागलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. मागच्या सीटकडं पाहिलं आणि म्हणाले, "पैले पोरीला पान्यात बसवा, साहेब. गाडी कुटं पळून जायलीय?"

पाणी म्हणजे पंक्चर बघायचा हौद. ट्यूब बुडवून बुडबुडे बघतात तो. पाणी काळपट, वर तेलाचा तवंग. पुण्यातला माझा डॉक्टर बघता तर त्यालाच झटका आला असता. शालिनीनं क्षणभरही विचार केला नाही, पोरीला फ्रॉकसकट गळ्यापर्यंत त्यात बसवलं. खाजाभाईंनी नवं सुती धोतर भिजवून तिच्या डोक्यावर टाकलं. दहा मिनिटांनी सुजातानं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, हे पाणी काळं का आहे?" शालिनी तिथंच हौदाच्या कडेला मटकन बसली आणि रडायला लागली. मी गाडीकडं तोंड करून उभा राहिलो.

गाव अजून तीस-पस्तीस किलोमीटर होतं आणि पोरीला हौदासकट नेता येत नव्हतं. त्यामुळं हवा दुरुस्त होणं भाग होतं.

खाजाभाईंनी अशी गाडी जन्मात पाहिली नव्हती. पण जुन्या ट्रकांचे, हवेच्या शोषणावर चालणारे व्हॅक्यूम ब्रेक त्यांनी हजारदा उघडले होते. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि डोळे मिटून नुसतं ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, इंजिन अडखळतंय, हे कुठनं तरी नको ती हवा खायलंय. मला समजावं म्हणून त्यांनी जमिनीवर पेन्सिलीनं आकृती काढली. या गाडीत हवेच्या झडपा तारेनं ओढलेल्या नसतात. इंजिन हवा शोषतं, त्या शोषणाच्या जोरावर बारीक रबरी नळ्यांतून झडपा हलतात. नळी कुठं फाटली की शोषण तुटतं, झडपा आपोआप काचेकडं वळतात आणि हीटरकडं जाणारी गरम पाण्याची तोटी उघडी राहते. चढावर इंजिनाचं शोषण कमी पडतं, म्हणून आधी चढावर खोड दिसली. मी विचारलं, बिघडल्यावर हवा काचेकडंच कशाला? ते हसले. ज्यांनी बनवली त्यांच्या मुलखात थंडीनं काच धुरकटली की माणूस मरतो. त्यांनी त्यांच्या मरणाची सोय बघितली, आपल्या मरणाची त्यांना काय माहिती!

मग त्यांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात घातलं आणि दुसरं टोक इंजिनावर, डॉक्टर छातीवर नळी ठेवतो तसं, इंचाइंचानं फिरवायला लागले. त्याआधी त्यांनी शेजारी रिम ठोकणाऱ्याला कन्नडात थांबायला सांगितलं, हॉर्न वाजवणाऱ्या ट्रकवाल्याला तेलुगूत शिवी दिली आणि मला मराठीत सांगितलं की श्वास जरा हळू घ्या. मी तोंडावर हात ठेवला. असा अर्धा तास गेला. हौदातनं सुजाताचं बोलणं ऐकू यायचं आणि थांबायचं. थांबलं की मी तिकडं वळून बघायचो.

शेवटी नळीचं टोक इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात, केबिनच्या पत्र्याजवळ गेलं आणि खाजाभाई थबकले. त्यांनी माझ्या कानात नळी दिली. बारीक, सापाच्या फुत्कारासारखा सूंऽऽ असा आवाज येत होता. त्यांनी बोट आत घालून दाबलं तर आवाज बंद झाला, आणि आत डॅशबोर्डमध्ये खट्कन झडप वळल्याचं ऐकू आलं. मग त्यांनी कोपऱ्यातनं हळूच काहीतरी ओढून बाहेर काढलं.

एक लिंबू आणि सात मिरच्या. तारेत ओवलेल्या. ती तार एका बारीक काळ्या नळीला पिळून पिळून बांधली होती, आणि इंजिनाच्या हादऱ्यानं रबरात रुतत रुतत तिनं नळी अर्धी कापली होती.

शालिनी हौदाजवळनं उठून आली होती. खाजाभाईंनी विचारलं, "हे कुनी बांधलं?"

"गाडीच्या मालकानं बांधलं असंल," शालिनी म्हणाली. "आमच्यात हे चालत न्हाई." आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात थोडा अभिमान होता.

"हां," मी म्हणालो. "त्यानंच."

ते मी बांधलं होतं. त्याच दिवशी पहाटे सोलापुरात, शालिनी सुजाताला उठवत होती तेव्हा. लॉजच्या खाली एक म्हातारी टोपलीत ते घेऊन बसली होती. मी आधी पुढं गेलो आणि मग मागं फिरलो. दरवर्षी जयंतीला जो माणूस स्टेजवर उभा राहून दृष्ट, उतारा, गंडा यांची टिंगल करून टाळ्या घेतो, तो मी. बंपरला बांधलं असतं तर शालिनीला दिसलं असतं. म्हणून बॉनेट उघडून पार आतल्या कोपऱ्यात, हात जेमतेम पोचेल तिथं, एका काळ्या वायरीला बांधलं. ती वायर नव्हती. पडू नये म्हणून पक्कडीनं तार घट्ट पिळली. बाकी सगळे लोक पुढं बांधतात, चारचौघांना दिसेल असं. त्यानं गाडीचं काही बिघडत नाही. लपवून बांधायची पाळी फक्त माझ्यासारख्यावर येते.

शालिनी हौदाकडं परत गेल्यावर खाजाभाईंनी लिंबू हातात फिरवून पाहिलं. "ताजं हाय," ते हळूच म्हणाले. बाकी काही विचारलं नाही. मी मान खाली घातली. त्यांनी ते कागदात गुंडाळलं आणि खिडकीत ठेवून दिलं. फेकलं नाही.

जोडणी त्यांनी माझ्या पेनातली रिकामी रिफिल कापून केली. नळीचा फाटका तुकडा काढला, दोन्ही टोकांत रिफिलचा तुकडा घातला, वरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी सोल्यूशन लावून गुंडाळली, दोऱ्यानं करकचून बांधली. मधल्या जाळीतून गार हवा आली तेव्हा दीड वाजला होता. निघताना त्यांनी ते धोतर पुन्हा भिजवून सुजाताच्या अंगावर घातलं आणि मला म्हणाले, ही हवा गेली तरी ह्या कपड्याला वारा लागला की पोरगी गार राहील, एवढं भिऊ नका. इथं दुपारी ओलं कापड दहा मिनिटांत वाळतं, वाळताना गारवा देतं. आमच्या भागातल्या शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट मी पुण्यात बावीस वर्षं राहून विसरलो होतो.

गाव

गावात पोचलो तर अप्पा गावच्या फाट्यावरच उभे. घरात नेलं नाही, थेट विहारात नेलं. दारांना, खिडक्यांना पोत्यांचे पडदे, सगळे ओलेचिंब. आत एक बाज, बाजेवर ओली चादर. आमचं येणं ठरल्यापासून अप्पांनी पोत्यांची तजवीज केली होती आणि पोर यायच्या दिवशी दर अर्ध्या तासाला त्यांच्यावर पाणी मारायचं काम वस्तीतल्या बायांनी वाटून घेतलं होतं. आत पाय टाकला तर खरोखर थंड. सुजाता बाजेवर आडवी झाली आणि आजोबांना म्हणाली, "तुमच्याकडं पुण्यापेक्षा गार आहे." अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "नऊ वर्षं कामून आणली न्हाईस मग?"

आमच्याकडं पाहुण्याला चहा विचारत नाहीत, आधी पाणी आणि गूळ पुढं करतात. त्यानंतर हुग्गी आली. गव्हाची ही खीर पुण्यात कुणाला करून दाखवावी तर म्हणतात लापशी. लापशी नव्हे. मी एक घास खाऊन वाटी बाजूला सारली.

कारण ऊन उतरल्यावर कार्यक्रम होता. भंतेजी वंदना घेणार, सुजाता मेणबत्ती लावणार, आणि मग सगळ्या वस्तीकडून धम्माच्या बावीस प्रतिज्ञा म्हणवून घ्यायच्या, त्यात खोटं बोलणार नाही हीसुद्धा एक. त्या म्हणवून घेणार शिकलेला मुलगा, म्हणजे मी. अप्पांनी पुस्तिका माझ्या हातात दिली. छप्पन सालापासून जपलेली, कडा झिजलेल्या. मी ती घेऊन विहाराच्या मागं गेलो. तिथं शालिनी हौदात चादर भिजवून पिळत होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तिसऱ्या वर्षी सुजाताला झटका आला, त्यानंतर शालिनीनं तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. कुणाला न सांगता, फ्रॉकच्या बाहीखाली. मला दिसला. घरात माझे चार मित्र बसले होते. मी त्यांच्यासमोर कात्री आणून तो दोरा कापला आणि म्हणालो, बघा, आमच्या घरातच अंधश्रद्धा निर्मूलनाची गरज आहे. मित्र हसले. शालिनी आत गेली आणि चहा घेऊन बाहेर आली. त्यानंतर तिनं कधी काही बांधलं नाही, आणि पोरीच्या आजाराबद्दल माझ्याशी फारसं बोललीही नाही. मला वाटलं होतं, तिला पटलं.

मी तिला सांगितलं. लिंबू मी घेतलं, मी बांधलं, मित्रानं नाही. तुझ्यापासून लपवायला म्हणून आत बांधलं आणि त्यानंच नळी कापली. पोर माझ्या हातून गेली असती.

ती चादर पिळत होती तशीच पिळत राहिली. सगळं पाणी निथळून गेलं तरी पिळत होती. मला वाटलं दोऱ्याचं काढेल, कात्रीचं काढेल, मित्रांचं काढेल. त्यातलं काहीच तिनं काढलं नाही.

"तुम्ही बी भ्यायला व्हता," ती म्हणाली. "मग मला कामून एकटीला भिऊ दिलं? सहा वर्षं."

आत भंतेजींनी वंदना सुरू केली होती, बायका लेकरांना गप्प करत होत्या. मी पुस्तिका तिच्यापुढं धरली आणि म्हणालो की मला आज हे वाचता येणार नाही. तिनं हात पदराला पुसले आणि पुस्तिका घेतली. चादर माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी सुजातानं मेणबत्ती लावली आणि प्रतिज्ञा शालिनीनं म्हणवून घेतल्या. उदगीरच्या बोलीत, एकदाही न अडखळता. अप्पांनी तिला पुढं उभं राहायला जागा करून दिली. मी सगळ्यात मागच्या रांगेत बसलो, ओल्या चादरीत गुंडाळलेल्या सुजाताला मांडीवर घेऊन, आणि शालिनी म्हणेल तसं, तिच्या मागून, एकेक प्रतिज्ञा म्हटली.